शेवंताचा डबा आणि शेवंताचं दार

शेवंता, काल तुझा दहावा झाला. नदीवर गेलेले पुरुष परत आले आणि सांगायला लागले, पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. आमच्या ह्यांच्या वेळी दीड तास ताटकळले होते सगळे, शेवटी दर्भाचा कावळा करायची पाळी आली. तुझ्या वेळी कावळासुद्धा घाईवर. मी मनात म्हटलं, हिचं सगळं असंच, तेल लावल्यासारखं.

दुपारी बायका आपल्या गॅलरीत बसल्या. मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणेल, इंदूताई, भिंतीला भिंत लागलेली शेजारीण गेली तुमची. कुणी म्हणालं नाही. ज्या त्या बाईला तुझा तो तेलाचा डबाच आठवत होता. खतीजाभाभी सांगत होती, तिच्या नातवाच्या पाळण्याची कडी करकरायची, पोर डोळा मिटायचं नाही, आणि तू एक फूस मारलीस तसं ते दुपारभर झोपलं. एकीच्या पेल्यात पेला अडकून बसला होता. एकीची सुजलेल्या पायातली जोडवी निघत नव्हती. मोठ्या रस्त्यावर डांबर टाकत होते तेव्हा वसाहतीतली झाडून सगळी पोरं काळे पाय घेऊन तुझ्या दारात उभी होती आणि तू चिंधीवर फूस मारून एकेकाची टाच पुसत होतीस, ते तर तिघींनी तीन तऱ्हांनी सांगितलं. सगळ्या रडत होत्या आणि सगळ्या हसत होत्या.

माझ्या तेलाच्या कुपीचं नाव कुणी काढलं नाही. तेरा वर्षं मी ह्याच बायकांच्या कात्र्या आणि कड्या-कोयंडे सोडवले. पण ते तुझ्या डब्याच्या आधीचं. ते कुणाला आठवतंय?

तर मेल्यावरसुद्धा तू माझ्या पुढेच. मी हे रडत लिहितेय असं समजू नकोस. रडून झालंय माझं. तू म्हणायचीस ना, ताई, तुमी बोलता तसंच लिवता. म्हणून बोलायला बसलेय. माझं एक काम राहिलंय तुझ्याकडे, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण पहिल्यापासून सांगू दे.

चीनच्या लढाईच्या वर्षी आपण ह्या वसाहतीत आलो. मी राजापूरकडून, अख्खा दिवस एसटीत बसून, मांडीवर शिवणाचं मशीन घेऊन. तू महाळुंग्याहून, नवऱ्याच्या, म्हणजे बबनभाऊजींच्या, सायकलवर मागं बसून. तुझ्या माहेरी तेव्हा चहूकडे भुईमूग नि ज्वारी. चाकणच्या अंगाला कारखाने येतील असं कुणी बोललं असतं तर तुझ्या बापानं त्याला भाकरी घालून वाटेला लावलं असतं. आमचे हे आणि बबनभाऊजी एकाच कंपनीत, हे पेंटिंगला आणि भाऊजी फिटर. वरच्या मजल्यावर ओळीनं दहा खोल्या, पुढं एक गॅलरी, जिना त्या टोकाला. ह्या टोकाची शेवटची खोली तुझी, तिच्या अलीकडची माझी.

आणि दहाही दारं वाजायची. एकाच ठेकेदारानं एकाच गाडीतून आणलेल्या बिजागऱ्या, सगळ्या सारख्याच गंजक्या. पण आवाज मात्र दहा तऱ्हांचे. खतीजाभाभीचं दार दोनदा कण्हायचं. गंगूआत्याचं म्हातारीसारखंच खाकरून उघडायचं. तुझं लांब कुईं करायचं आणि शेवटी टक्. मी मशीनवर बसल्या बसल्या, मान वर न करता सांगू शकायचे, कोण रात्रपाळीहून आलं, कोण रागानं बाहेर पडलं, कुणाकडे पाहुणे आलेत. बायका विचारायच्या, इंदूताई, तुम्हाला सगळं कसं कळतं? मी नुसती हसायचे. वसाहतीत मला मान होता तो दोन गोष्टींचा. एक, मला सगळ्यांची बातमी असायची. दोन, माझी कुपी. खोबरेलात चार थेंब रॉकेल, मशीनचं तेल असलं तर तेही चमचाभर. अडलेलं कुलूप असो, गंजलेली कात्री असो, फणसाच्या चिकानं बरबटलेले हात असोत, माणसं माझ्या दारात यायची.

मग तुझा डबा आला.

कंपनीत मशीन बसवायला जर्मन साहेब आला होता, दुष्काळानंतरच्या दोनेक वर्षांत. तीन महिने राहिला, भाऊजींच्या हाताखाली नव्हे, भाऊजी त्याच्या हाताखाली. पण जाताना त्यानं मोठ्या साहेबांना सोडून भाऊजींच्या हातात तो हिरवा डबा दिला. वर लाल टोपण, टोपणाला दोऱ्यानं बांधलेली बारीक नळी. दाबलं की फूस. तू तो फडताळात तुपाच्या बरणीमागं ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पदर खोचून, गॅलरीच्या त्या टोकापासून सुरुवात केलीस. एक दार, दोन फूस. पुढचं दार, दोन फूस. मागं पोरांची वरात. बायका दारं उघडून-मिटून बघत होत्या आणि तोंडावर हात ठेवत होत्या.

माझ्या दाराशी आलीस तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, "माझं मी बघते."

तू म्हणालीस, "व्हय ताई. तुमच्याकडं काय कमी हाय."

आणि खरंच पुढं गेलीस. तुला टोमणा मारता येत नव्हता, हेच मला सहन व्हायचं नाही.

त्या संध्याकाळी मी मशीनवर बसले आणि मला काही म्हणजे काही कळेना. माणसं येत होती, जात होती, आणि गॅलरी गप्प. कुणी आजारी पडलं तर मला तिसऱ्या दिवशी कळायला लागलं. खतीजाभाभीच्या लेकीचं लग्न ठरल्याचं मला तुझ्याकडून कळलं, शेवंता. तू मला बातमी सांगितलीस. एका डब्यानं तू माझे कान नेलेस आणि माझी गिऱ्हाइकंही नेलीस, आणि वर सगळ्यांना वाटायचं, किती गुणाची बाई.

मी त्याला फुसकं तेल म्हणायचे. मी म्हणायचे, हे परदेशी पाणी आहे, उडून जाईल, तेल म्हणजे आमचं खोबरेल. माझ्या दाराला मी माझंच घालायचे आणि छातीठोक सांगायचे, महिनाभर बघायला नको. तू ऐकून घ्यायचीस आणि हळूच म्हणायचीस, "पंधरवडा बी टिकायचं न्हाई, ताई. खोबरेल वाळतंय, चिकट व्हतंय." आणि पंधरवड्यानं माझं दार पुन्हा बोलायला लागलं की मी सकाळी सगळे नळावर असताना गुपचूप कुपी घेऊन बसायचे. आपल्या भांडणाचा हा मुद्दा काही मिटला नाही. मी मरेपर्यंत महिनाच म्हणणार होते.

तू मात्र डबा कुणाच्या हाती द्यायची नाहीस. बोलावलं तिकडं स्वतः जायचीस, रुमालात गुंडाळून, एक फूस मारायचीस, परत आणायचीस. मला वाटायचं, काय ही मिजास. भाऊजींना साहेबानं बजावलं होतं की हे विस्तवाजवळ न्यायचं नाही, भडका उडेल, आणि आपल्या दहाही खोल्यांत स्टो दारापाशीच, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. कळल्यावरही मी मिजासच म्हणत राहिले.

गंगूआत्याच्या गुडघ्याचं आठवतं? म्हातारी तुझ्या दारात बसकण मारून बसली, लुगडं वर केलं आणि म्हणाली, "मार हितं."

तू म्हणालीस, "आत्या, हे लोखंडाला असतंय."

"दाराला चालतं तर गुडघ्याला का नगं? माझा सांदा काय दारापरीस हलका हाय व्हय?"

तू समजावलंस, ती हलेना. म्हणाली, गरीब म्हातारीला एक फूस देववत नाही. मग तू आत गेलीस, मागच्या खिडकीतून माझ्या खिडकीवर टिचकी मारलीस आणि कुजबुजलीस, "ताई, तुमची कुपी द्या. कापूर हाय का?" मी दिली. तू म्हातारीला डोळे मिटायला लावलेस, डबा हातात धरलास, तोंडानं फूस केलंस आणि माझं तेल चोळलंस. दुसऱ्या दिवशी म्हातारी नळापर्यंत चालत आली आणि सगळ्या रांगेला सांगत सुटली, जर्मन त्याल ते जर्मन त्याल, ह्या इंदीच्या खोबरेलानं काय झालं न्हवतं.

तू माझ्याकडे बघून ओठ चावत हसू दाबत होतीस. तुला वाटलं, मलाही हसू येत असेल. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. माझं तेल, माझा कापूर, आणि नाव तुझ्या फुसक्याचं. मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण म्हातारीचा गुडघा खरंच थांबला होता आणि तो कशानं थांबला, ह्याबद्दल माझ्याही मनात शंका होती.

खंडेनवमीला गॅलरीत सगळ्यांची हत्यारं मांडायची आपली पद्धत. पान्हे, हातोड्या, सायकली, आणि मधोमध माझं शिवणाचं मशीन, झेंडूची माळ घालून. त्या वर्षी मी ओवाळायला ताट घेऊन आले तर मशीनच्या डोक्यावर तुझा डबा ठेवलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं. तू ठेवला नव्हतास, पोरांनी ठेवला होता. तूच पुढं होऊन उचललास आणि खाली पान्ह्यांपाशी ठेवलास. मी तेही लक्षात ठेवलं, पण चुकीच्या बाजूला. मला वाटलं, मला कमीपणा दाखवायला उचलला.

एकदाच मी तुझ्याकडे काही मागितलं. श्रावणात माझं मशीन अडलं. चाक जागचं हलेना, कुपी रिकामी केली तरी हलेना, आणि मंगळागौरीचे ब्लाऊज पडलेले. आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं, मशीन हेच माझं होतं. मी तुझ्या दारात आले नि म्हटलं, "डबा दे जरा, आत्ता आणून देते."

"डबा हातातनं सोडायची न्हाई मी, ताई. मीच येते की."

"राहू दे," मी म्हटलं आणि परत फिरले.

चार दिवस मी हातानं टाके घातले. पाचव्या दिवशी बाजारातून आले तर दाराची कडी मी लावली होती तशीच, पण मशीनला तो डब्याचा वास. चाकाला बोट लावलं तर भिंगरीसारखं फिरलं. संध्याकाळी तू ताक घेऊन आलीस, मशीन चालू होतं, मी मान वर केली नाही. म्हटलं, "आपोआप सुटलं."

तू म्हणालीस, "व्हय. हवा कोरडी झाली की सुटतंय." आणि ताक ठेवून गेलीस. मी आजपर्यंत तुला बरं केलंस म्हटलेलं नाही. आता म्हणते. त्या ब्लाऊजांवर माझी दिवाळी झाली.

आता तुझ्या दाराचं.

सगळ्यांची दारं गप्प केलीस, तुझं मात्र तसंच. कुईं, टक्. बायका विचारायच्या, मी तर टपलेलीच असायचे. हळदीकुंकवाला वीस बायकांत मी मोठ्यानं म्हटलं होतं, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगाची दारं तेलावली आणि हिचं स्वतःचं बघा, कसं रडतंय."

तू सगळ्यांना पान देत होतीस. म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या, त्याला बी तोंड हाय. बोलू द्या." सगळ्या हसल्या. माझा टोमणा वाया गेला.

मला ते दार सकाळी नको व्हायचं. पाचला नळ यायचा आणि पाचाला दहा कमी असताना तुझं दार वाजायचं. कुईं, टक्. मी अंथरुणात दात खायचे. उठली ही. आता ही पहिली पोचणार, आणि वर माझी कळशी रांगेत लावून ठेवणार, म्हणजे उपकारही हिचेच. मी धडपडत उठायचे, केस न विंचरता कळशी उचलायचे आणि जिन्यावर तुला गाठायचे. हे गेले त्यानंतरचा महिना आठव. मला उठायचं नव्हतं. मुलगा नाशिकला, घरात कुणी नाही, कशाला उठायचं? पण तुझं दार वाजायचं आणि मी उठायचे. दुःखानं मला झोपवलं असतं, शेवंता, पण तुझ्या हेव्यानं झोपू दिलं नाही. तेव्हा मला वाटायचं, काय मेलं दार, माणसाला शोकसुद्धा करू देत नाही.

गेल्या पंधरवड्यातल्या त्या सोमवारी तू रेशनला गेलीस. तुझ्याकडे गुरुवारी बायका यायच्या होत्या. माझ्या डोक्यात आलं, हिच्या दाराला आपणच तेल घालावं. बायका येतील, दार वाजणार नाही, विचारतील, शेवटी डबा मारलास वाटतं? आणि हिला सांगावं लागेल, नाही, हे ताईंचं खोबरेल. भरल्या घरात सांगावं लागेल. मी कुपी घेतली, तिन्ही बिजागऱ्यांना पिसानं तेल पाजलं, दार दहा वेळा हलवलं. लोण्यासारखं. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

तू आलीस. मी दाराआडून बघत होते. दार ढकललंस, थांबलीस. पुन्हा ढकललंस. बिजागरीवर बोट फिरवून नाकाशी नेलंस. मग माझ्या उंबऱ्यात येऊन, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "कुणीतरी दाराला खोबरेल लावलंय. पंधरवडा बी टिकायचं न्हाई."

मी म्हटलं, "मुंगीबिंगीनं लावलं असेल."

"आसंल," म्हणालीस.

मंगळवारी मला जाग आली नाही. तूच माझं दार ठोठावलंस, "ताई, पानी आलं." बुधवारीही तसंच. मला चीड आली, उठवायलासुद्धा आता हीच. गुरुवारी जाग आली ती खाली हंड्यांचा आवाज झाल्यावर. उजाडायला लागलं होतं. माझ्या मनात पहिलं काय आलं ते ऐक. आज मुद्दाम ठोठावलं नाही हिनं. आज एकटीच पहिली पोचली.

हा विचार मनात घेऊन मी दार उघडलं आणि तू तिथं बसली होतीस. माझ्या भिंतीला पाठ लावून, शेजारी रिकामी कळशी. भाऊजी रात्रपाळीला. तुझं दार सताड उघडं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, वेळच मिळाला नसता. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात. मला एवढंच माहीत आहे की ते दार वाजलं असतं तर मी उठले असते. तुझ्या मदतीला नव्हे, खोटं का बोलू, तुझ्याआधी नळावर पोचायला. पण उठले असते. बाहेर आले असते. तुझा हात तरी धरला असता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी बायका आल्या, वेगळ्याच कामाला आल्या, आणि दार न वाजता उघडत होतं, मिटत होतं. कुणी विचारलं नाही कसं काय ते. मी कोपऱ्यात बसून दरवेळी बिजागरीकडे बघत होते.

काल सगळे पांगल्यावर भाऊजी माझ्या उंबऱ्याशी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, एक सांगू का? मी दोनदा डबा काढला होता आमच्या दाराला मारायला. तिनं माझा हात धरला. म्हनली, ताई ह्या आवाजावर उठत्यात. ह्ये बंद केलं तर दिसभर पडून ऱ्हातील. तुमचे मालक गेल्यापास्नं तर रोज म्हनायची. तुमी नावं ठेवायचा, ती हसायची."

मी पदरानं उंबरा पुसत राहिले.

मग ते म्हणाले, "आता बघतो तर दार वाजतच न्हाई. खोबरेलाचा वास येतोय. तिनंच लावलं आसंल शेवटी."

आणि मी गप्प बसले, शेवंता. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि मी त्यातून निघून गेले. काल मी हे काम तसंच ठेवून झोपले.

आज तुझा अकरावा, आणि माझ्या तेलाचा चौदावा दिवस. पाचाला दहा कमी असतील. मी झोपेत होते.

कुईं, टक्.

उठली ही, मी म्हटलं आणि कळशीकडे हात गेला. कळशी हातात आल्यावर मला आठवलं.

बाहेर आले तर भाऊजी दाराशी उभे, हातात डबा, नळी बिजागरीवर धरलेली. म्हणाले, "झोपमोड केली का, वहिनी? पुन्हा वाजाया लागलं. थांबा, एक फूस मारतो."

"नको," मी म्हटलं. "भाऊजी, ते तेल मी लावलं होतं. सोमवारी. ती रेशनला गेली तेव्हा." आणि मग सगळंच सांगितलं, हळदीकुंकवाचं, बायकांसमोर तुला म्हणायला लावायचं होतं ते, गुरुवारी मी काय विचार करत दार उघडलं ते. गॅलरीत, कळशी हातात घेऊन.

त्यांनी डबा खाली घेतला. म्हणाले, "म्हाईत हाय मला. सोमवारीच बोलली ती. लई हसली. म्हनली, ताईंनी माझ्या दाराला कोकनातलं त्याल पाजलंय. पंधरवडा बी टिकायचं न्हाई, तवर मी ठोकून उठविते."

"मग काल तिनंच लावलं असेल असं का म्हणालात?"

"तुमाला बोलायचं आसंल तर बोलाल म्हनलं. नसंल बोलायचं तर ऱ्हाऊ द्यावं."

तुम्ही दोघं नवरा-बायको एकाच मातीची. मला ह्याचाही हेवा वाटतो. आमचे हे असते तर त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं.

जाताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "ह्यो तुमी ठेवा. माझ्याच्यानं दारोदार फिरनं व्हायचं न्हाई. दाराला मात्र नगं, ते आसंच ऱ्हाऊ द्या."

तर तुझा डबा आता माझ्या फडताळात आहे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळले तो हातात घेतला तर हलका आहे गं. हलवला तर तळाशी थोडंसं खळखळतं. दुपारी खतीजाभाभी आली, ट्रंकेचं कुलूप अडलंय म्हणाली, डबा देता का जरा. माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "डबा हातातून सोडायची नाही मी. मीच येते." तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि तिच्या खोलीत जाऊन आम्ही दोघी ट्रंकेवर बसून रडलो. मग कुलपाला एक फूस मारली आणि डबा रुमालात गुंडाळून परत आणला.

एक गोष्ट कबूल करते, तुझ्या समोर कधी केली नसती. खोबरेल पंधरवडा टिकत नाही. तेराच दिवस टिकलं. तू जिंकलीस.

उद्या पाचाला दहा कमी असताना भाऊजी दार उघडतील, ते वाजेल, आणि मी उठेन, पडून राहणार नाही. कळशी घेईन, जिन्यापर्यंत जाईन. पण आता नळावर कुणाच्या आधी पोचायचं, शेवंता, तेवढं सांगून जायला हवं होतंस.